पित्ताम्ल आणि आम्लपित्त

पत्र : डॉक्टर, आम्ही मिरजेचे. मुलगा २७ वर्षांचा, पुण्याला नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी पोटात दुखायला लागलं, वजन उतरलं. आधी आतड्याचा टीबी म्हणून औषधं झाली, मग क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचा आजार निघाला. दीड वर्षापूर्वी ऑपरेशन करून लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठ्या आतड्याची सुरुवात काढली. सहा महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, सगळं स्वच्छ होतं. गेल्या महिन्यात शौचाची कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारी तपासणी केली, ती ४२ आली. तरीही दिवसातून सहा-सात वेळा पिवळं पाणी जातं, आग होते. ऑफिसच्या बसमध्ये कळ येईल म्हणून तो दिवसभर जेवत नाही, रात्री एकदाच पोटभर खातो. डॉक्टर घाईत म्हणाले, ‘पित्ताम्लांमुळे होत असेल.’ म्हणून वर्षभर पँटोप्राझोल चालू आहे, फरक शून्य. जाऊबाईंनी तूप, दूध, दही, तिखट सगळं बंद करायला सांगितलं. माझ्या भाच्याने कुठल्याशा कंपनीकडून मुलाच्या शौचातल्या जिवाणूंची तपासणी करून घेतली. ‘चांगले जिवाणू कमी’ असा रिपोर्ट आला आणि महिन्याच्या कॅप्सूल गळ्यात पडल्या. मुलगा आता म्हणतो, कशाचाच उपयोग नाही तर क्रोन्ससाठीची ॲझाथायोप्रिनची गोळी तरी कशाला घेऊ? काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्याला निरोप द्या, ॲझाथायोप्रिन आज बंद करायचं नाही. का, ते पुढे सांगतो. ते डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद झालं तर बाकीचं सगळं वाचून फार उपयोग नाही, म्हणून हे पहिल्यांदा.

तुमच्या घरात वर्षभर जी चूक चालली आहे ती शब्दाची आहे, आणि तुमची नाही. आपल्या भाषेत ‘पित्त’ हा एक शब्द किती गोष्टींना पुरतो बघा. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, उपाशीपोटी डोकं दुखलं तरी पित्तच. तुमच्या डॉक्टरांनी मात्र पित्ताम्ल म्हटलं, आणि तुम्ही ऐकलं आम्लपित्त. दोन्ही शब्दांत तीच अक्षरं, पण वस्तू निराळ्या. आम्लपित्तातलं आम्ल जठरात तयार होतं, त्यावर पँटोप्राझोल चालतं. पित्ताम्लं यकृतात तयार होतात आणि त्यांच्यावर पँटोप्राझोलचा काडीचा परिणाम होत नाही. वर्षभर तुम्ही एका घराचं कुलूप दुसऱ्या घराच्या किल्लीने उघडत होतात. जळजळ किंवा दुसरं काही कारण नसेल तर ती गोळी चालू ठेवायची गरज आहे का, हेही डॉक्टरांना विचारा.

आता ही पित्ताम्लं म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण तुमच्या मुलाचा सगळा त्रास त्यात आहे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पित्तरसातून पित्ताशयात साठतात. जेवणात तेल-तूप आलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्तरस लहान आतड्यात उतरतो. खरकट्या ताटावरचं तेल साबणाने सुटतं तसं पित्ताम्लं अन्नातल्या तेला-तुपाचे बारीक थेंब करतात, तेव्हा कुठे ते अंगी लागतं. काम झाल्यावर शरीर ती फेकून देत नाही. लहान आतड्याचं अगदी शेवटचं टोक जवळजवळ ९५ टक्के पित्ताम्लं परत शोषून घेतं, आणि ती रक्तातून पुन्हा यकृतात जातात. सगळ्या शरीरात मिळून पित्ताम्लं असतात जेमतेम दोन-चार ग्रॅम, पण तीच दिवसातून सहा ते दहा वेळा फेरी मारतात. रोज फक्त अर्धा ग्रॅमच्या आसपास शौचावाटे जातात आणि तेवढीच यकृत नव्याने बनवतं. इतका काटकसरी कारभार शरीरात फार थोड्या ठिकाणी आहे.

आणि क्रोन्सला बसायला नेमकी तीच जागा आवडते. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी या आजाराचं वर्णन पहिल्यांदा नीट मांडलं, ते लहान आतड्याच्या याच शेवटच्या टोकाच्या सुजेचं होतं. आपल्याकडे आतड्याचा टीबीही बहुतेक वेळा तिथेच बसतो. दुर्बिणीतून दोन्हींचे व्रण इतके सारखे दिसू शकतात की अनुभवी माणसालाही ठामपणे सांगता येत नाही, म्हणून आधी टीबीची औषधं देऊन पाहावी लागतात. तुमच्या मुलाची ती वर्षं वाया गेली असं तुम्हाला वाटत असेल. पण उलटं झालं असतं, म्हणजे टीबी असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली असती, तर जिवावर बेतलं असतं.

तर, ऑपरेशनमध्ये त्याचं ते टोक गेलं. पित्ताम्लं परत घेणारी जागाच राहिली नाही. ती थेट मोठ्या आतड्यात उतरतात, तिथल्या अस्तराला पाणी सोडायला लावतात आणि आतड्याला पळवतात. म्हणून पिवळं-हिरवट पाणी, म्हणून ती कळ, म्हणून आग. त्यात आणखी एक भर असते. ते टोक शाबूत असताना ‘एफजीएफ-१९’ नावाचा एक संदेश यकृताला पाठवतं, की पुरे झालं, आता आणखी बनवू नका. टोक गेलं की हा निरोप क्षीण होतो. यकृत बनवतच राहतं आणि खाली सांडतच राहतं.

या जुलाबाला क्रोन्स उलटला असं म्हणत नाहीत. कॅलप्रोटेक्टिन ४२ म्हणजे आतड्यात सूज असल्याची खूण नाही. सूज असती तर हा आकडा साधारणपणे शेकड्यांत गेला असता. तुमचा मुलगा ‘औषधाचा उपयोग नाही’ म्हणतो ना, त्याला हे दाखवा. ॲझाथायोप्रिनचं काम सूज परत येऊ न देणं आहे, आणि कागद सांगतोय की ते काम आजवर नीट चाललं आहे. सांडलेल्या पित्ताम्लांशी त्या गोळीचा संबंध नाही. क्रोन्स ऑपरेशननंतर जोडाच्या जागी परत येतो तेव्हा सुरुवातीला गुपचूप येतो, लक्षणं दिसायच्या आधी दुर्बिणीत दिसतो. म्हणून बरं वाटत असतानाही औषध आणि तपासण्या चालू ठेवायच्या असतात. आणि तो सिगारेट ओढतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. आईला माहीत नसेलही. ओढत असेल तर ऑपरेशननंतर आजार परत आणणाऱ्या गोष्टींत ती सर्वांत वरची आहे, एवढं त्याच्या कानावर घाला आणि वाद घालू नका.

आता उपाय. कोलेस्टायरामिन नावाची एक जुनी पावडर आहे. मुळात ती कोलेस्टेरॉल कमी करायला आली. आतड्यात ती पित्ताम्लांना चिकटून त्यांना घट्ट धरून ठेवते, ती शौचावाटे निघून जातात आणि मोठ्या आतड्याला त्रास देत नाहीत. लहान आतडं कापलेल्या रुग्णांत जुलाब पित्ताम्लांचे असतात आणि या पावडरीने थांबतात, हे अमेरिकेत ॲलन हॉफमन यांनी १९७२ च्या सुमारासच दाखवून दिलं. अर्धशतक झालं. तरी ऑपरेशननंतर किती पोरं वर्षानुवर्षं शौचालयाचे पत्ते पाठ करत जगतात, आणि हा साधा उपाय त्यांना कुणी सांगितलेला नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण पावडर मागण्याआधी घरातली फाइल काढा आणि ऑपरेशनचा कागद शोधा. त्यावर किती सेंटीमीटर आतडं काढलं ते लिहिलेलं असतं. या आकड्यावर सगळं फिरतं. साधारण १०० सेंटीमीटरच्या आत काढलं असेल तर यकृत नवीन पित्ताम्लं बनवून तोटा भरून काढतं, जुलाब सांडण्यामुळे होतात आणि पावडर लागू पडते. त्याहून बरंच जास्त काढलं असेल तर यकृतही पुरं पडत नाही. पित्ताम्लंच कमी पडतात, तेल-तूप पचत नाही, शौच तेलकट, फेसाळ, पाण्यावर तरंगणारं आणि उग्र वासाचं होतं. तिथे ही पावडर दिली तर उरलीसुरली पित्ताम्लंही जातील आणि त्रास वाढेल. तुम्ही पिवळं पाणी लिहिलंय, तेलकट नाही. त्यावरून पहिलाच प्रकार वाटतो, पण आकडा बघितल्याशिवाय डॉक्टरांनीही ठरवू नये.

इंग्लंडमध्ये यासाठी सेहकॅट नावाची तपासणी करतात. किंचित किरणोत्सारी असं एक पित्ताम्ल गिळायला देतात आणि सात दिवसांनी त्यातलं किती शरीरात उरलं ते मोजतात. १५ टक्क्यांहून कमी उरलं तर निदान पक्कं. आपल्याकडे ही सोय सहज मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर बहुधा पावडर देऊनच बघतात. लागू पडली की निदानही झालं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तेच शहाणपणाचं वाटतं.

ती घेण्याची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण ‘घेतली, उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ती चुकीची घेतात. एक पुडी साधारण ४ ग्रॅमची. सुरुवात कमी मात्रेने, सकाळच्या खाण्याच्या सुमारास. रात्रभर पित्ताशय भरत असतं आणि पहिल्या घासाला ते मोकळं होतं, म्हणून सकाळचा डोस महत्त्वाचा. कोरडी कधीही तोंडात टाकायची नाही, ठसका लागून श्वास अडकू शकतो. पाण्यात किंवा पातळ ताकात ढवळून, थोडी फुगू देऊन प्यायची. चव वाळूसारखी लागते, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी बेसिनमध्ये जाईल. आणि मुख्य म्हणजे ही पावडर पित्ताम्लांइतक्याच प्रेमाने इतर औषधांनाही धरून ठेवते. बाकीच्या गोळ्या तिच्या आधी किमान एक तास, नाहीतर नंतर चार ते सहा तासांनी. ॲझाथायोप्रिन रात्री झोपताना घेतली तर हा घोळच होत नाही, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. पोट फुगलं किंवा बद्धकोष्ठ झालं तर मात्रा जास्त झाली. पावडर नकोच झाली तर कोलेसेव्हेलाम नावाच्या गोळ्या असतात, त्या घ्यायला सोप्या आहेत. ही औषधं प्रत्येक दुकानात तयार असतीलच असं नाही, आधी मागवून ठेवा.

पावडर महिनोन्‌महिने चालली तर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात, त्यावर लक्ष हवं. आणि बी-१२ वर तर आजच लक्ष हवं. बी-१२ सुद्धा त्याच शेवटच्या टोकातून शोषलं जातं. २० सेंटीमीटरपेक्षा जास्त भाग गेला असेल तर ते कमी पडण्याचा धोका वाढतो, आणि घरात शाकाहार असेल तर मुळात साठाच कमी असतो. रक्ततपासणी करा. कमी निघालं तर इंजेक्शन.

आता जिवाणूंकडे येतो. तुमच्या भाच्यावर रागावू नका, त्याने काढलेला विषय खोटा नाही. विकणाऱ्याने त्याचं केलेलं औषध खोटं आहे.

मोठ्या आतड्यातले जिवाणू पित्ताम्लांचं रूप पालटतात. यकृत ती पाठवतं तेव्हा त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिनची शेपटी जोडलेली असते. जिवाणू आधी ती शेपटी तोडतात. हे काम पुष्कळ जिवाणूंना येतं, दह्याच्या कुळातल्या लॅक्टोबॅसिलसनाही. दुसरी पायरी अवघड. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजकेच जिवाणू ती करू शकतात, आणि त्यातून डिऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक ही दुय्यम पित्ताम्लं तयार होतात. पॅरिसच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की आतड्याच्या सुजेच्या रुग्णांत, विशेषतः आजार भडकलेला असताना, ही दुय्यम पित्ताम्लं कमी आणि मूळ रूपातली जास्त असतात. म्हणजे रूप पालटणारे कारागीरच कमी झालेले असतात.

मला सर्वांत बोलका वाटलेला अभ्यास २०२० सालचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी शिवलेल्या दोन प्रकारच्या लोकांची त्यांनी तुलना केली. काहींचं आतडं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारासाठी काढलेलं, काहींचं आनुवंशिक पॉलिप्स, म्हणजे आतड्यातल्या गाठींसाठी. ऑपरेशन तेच, पिशवी तीच. पण कोलायटिसवाल्यांच्या पिशवीत रुमिनोकॉकेसी कुळातले जिवाणू कमी होते आणि दुय्यम पित्ताम्लंही कमी होती. ही पित्ताम्लं उंदरांना दिल्यावर त्यांची आतड्याची सूज कमी झाली. म्हणजे जिवाणूंनी घडवलेली ही रसायनं प्रतिकारशक्तीला शांत राहायला सांगतात.

मग कॅप्सूल का घ्यायची नाही? एक तर हे कारागीर जिवाणू प्राणवायू सहन न होणारे आहेत. त्या कॅप्सूलमध्ये बहुतेक दह्याच्या कुळातलेच जिवाणू असतात, त्यांना पहिली पायरी येते, दुसरी येत नाही. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं की क्रोन्समध्ये प्रोबायोटिक, म्हणजे अशी जिवाणूंची औषधं, फक्त संशोधनाच्या चौकटीतच वापरावीत. दुसरं कारण तुमच्या मुलापुरतं आणखी महत्त्वाचं. दुय्यम पित्ताम्लांतलं डिऑक्सिकोलिक आम्लसुद्धा मोठ्या आतड्यातून पाणी काढतंच. त्याचा प्रश्न पित्ताम्लं कुठल्या रूपातली आहेत हा नाही, फार सांडताहेत हा आहे. जगातले सगळ्यात गुणी जिवाणू आणून बसवले तरी सांडणं थांबत नाही. आणि दुय्यम तेवढी चांगली असंही नाही, लिथोकोलिक आम्ल जास्त झालं तर यकृताला घातक असतं. शरीराला ती प्रमाणात हवी असतात.

त्या रिपोर्टबद्दल एकच सांगतो. आतड्याचा तो भाग कापल्यावर जिवाणूंची वस्ती बदलतेच. कंपनीने पैसे घेऊन जे सांगितलं ते ऑपरेशनच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं. त्या रिपोर्टवरून कुठलाही उपचार ठरत नाही. कॅप्सूल बंद केल्या तर काही बिघडणार नाही.

जिवाणूंसाठी खरोखर करण्यासारखं एक काम आहे, आणि ते फुकट आहे. जुलाब झाले की दुकानातून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या प्रतिजैविकांची पट्टी आणायची, ही आपल्याकडची सवय. तुमच्या घरात ती असेल तर आजपासून बंद. असली औषधं नेमक्या त्या नाजूक कारागिरांवर घाला घालतात. दुय्यम पित्ताम्लं क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या घातक जंतूला दाबून ठेवत असतात. ती नाहीशी झाली आणि मूळ पित्ताम्लं उरली की त्याचे बीजाणू अंकुरतात. क्रोन्सच्या रुग्णाला हा संसर्ग फार महागात पडतो. प्रतिजैविक घेतल्यावर जुलाब एकदम वाढले तर त्याची तपासणी मागून घ्या. डॉक्टरांनी स्वतः विचार करून प्रतिजैविक दिलं तर गोष्ट वेगळी. लहान-मोठ्या आतड्यामधली झडपही ऑपरेशनमध्ये गेलेली असल्याने मोठ्या आतड्यातले जिवाणू वर चढून बसू शकतात, त्यासाठी कधीकधी ते द्यावं लागतं. पावडरीने फरक पडला नाही तर त्यांना हीच शंका आधी येईल.

जाऊबाईंच्या पथ्याबद्दल. तूप बंद करण्यामागे त्यांची काळजी आहे, ती मी मानतो. दुधाच्या स्निग्धांशाचा आणि सुजेचा संबंध दाखवणारा शिकागोचा एक अभ्यास २०१२ मध्ये गाजला होता. त्या आहाराने टॉरिनची शेपटी असलेली पित्ताम्लं वाढली, त्यावर बायलोफिला नावाचा जिवाणू माजला आणि कोलायटिस झाला. बायलोफिला म्हणजेच पित्तप्रिय. पण ते उंदीर होते, तेही जन्मतःच सूज होण्याकडे कल असलेले, आणि त्यांच्या आहारात दुधाचा स्निग्धांश भरपूर होता. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला त्या पिंजऱ्यात उभं करू नका. ज्याचं वजन उतरलंय त्या मुलाचं तूप, दूध, दही सगळं तोडलं तर हाडं आणि स्नायू जातील. दुधाने गुबारा धरत असेल तर दूध कमी करा, दही-ताक चालू ठेवा.

बदलायचं आहे ते वेळापत्रक. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम तेलकट जेवण म्हणजे भरलेलं पित्ताशय एका दमात रिकामं करणं, आणि सगळा लोंढा एकदम खाली. तेल-तूप दिवसभरात थोडं थोडं वाटून द्या, चार-पाच छोटी खाणी. तळण आणि रस्स्यावरची तर्री तूर्त बाजूला. थोडं इसबगोल पाण्यात भिजवून घेतलं तर शौच बांधून यायला मदत होते, तेही इतर गोळ्यांपासून लांब ठेवून. आग होते तिथे कागदाने पुसण्याऐवजी पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं. हे सांगायला मुलगे लाजतात आणि महिनोन्‌महिने सोसतात.

रक्त पडलं, ताप आला, पोट फुगून उलट्या झाल्या, किंवा वजन पुन्हा उतरू लागलं, तर मात्र पित्ताम्लांवर ढकलून थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येऊ लागली तरी सांगा, असं आतडं काढलेल्यांत पित्ताशयाचे खडे जास्त होतात.

पुढच्या भेटीला जाताना त्याने एका कागदावर आठवड्याची नोंद न्यावी : किती वेळा, जेवणानंतर किती वेळाने, पाणी की तेलकट, रात्री उठावं लागलं का. सोबत ऑपरेशनचा कागद आणि कॅलप्रोटेक्टिनचा रिपोर्ट. आणि एकच प्रश्न विचारावा, ‘मला कोलेस्टायरामिन देऊन बघता येईल का?’ घाईतल्या डॉक्टरांनाही या प्रश्नाचं उत्तर द्यायला थांबावं लागतं.

पावडर सुरू झाली की दोन आठवड्यांनी मला कळवा. पण ताई, त्या वेळी पत्र त्याला लिहू द्या. बसमध्ये किती वाजता कळ येते ते त्यालाच माहीत आहे.